एकशेतीसचे पाच आकडे

आमच्या शेजारच्या तपासनीस साहेबांइतका भित्रा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका मोजूनमापून भिणारा तर कुठंच नाही. आपण साधी माणसं सापाला भितो, आजाराला भितो. साहेब भितात ते सरासरीला. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं ते लोखंडी दांड्यांची जाडी तपासत होते, आणि मी त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन. त्याआधी फुलंब्रीकडं मेंढरं राखली. शाळा चौथीपर्यंत, ती पण मेंढरं सावलीला बसलेली असतील तेवढीच. तरी साहेबांना शहाणपण शिकवायची संधी मी कधी सोडली नाही.

साहेबांचं म्हणणं असं, की एकदा मोजलेलं म्हणजे न मोजल्यासारखंच. गुलमंडीत शर्टाचं कापड घेताना त्यांनी तोच तुकडा पाच वेळा मोजायला लावला. चौथ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "साब, कपडा लेना है, के मेरा इम्तिहान लेना है?" साहेब शांतपणे म्हणाले, "दोन्ही." नळाचं पाणीसुद्धा त्यांच्या मोजण्यातून सुटलं नाही. समोरच्या गल्लीत ते पाच, सहा, सात दिवसांनी आलं. आमच्याकडं दोन, सहा, दहा. मी म्हणालो, "दोन्हीकडं सरासरी सहाच की. मग एवढी पिंपं कशाला भरता?" साहेबांचा चेहरा उतरला. "नाना, सरासरीनं तहान भागत नाही. माणूस दहाव्या दिवशी मरतो." मग पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मांडलं: प्रत्येक आकडा सहापासून किती लांब, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, भागिले तीन, मग वर्गमूळ. समोरच्या गल्लीचं उत्तर एकसुद्धा भरलं नाही, आमचं सव्वातीनच्या वर गेलं. याला ते प्रमाण विचलन म्हणतात. वर्गमूळ मला कळत नाही, पण कळप कळतो. दोन कळप एकाच बाभळीभोवतीचे. एक खोडाला चिकटून बसलेला, दुसरा टेकडीभर पांगलेला. लांडगा कुणाकडं जाणार हे सांगायला शाळा लागत नाही. हे मी साहेबांना बोललो मात्र नाही. उगाच त्यांचं खरं ठरलं असतं.

मागच्या हिवाळ्यात अंगणात मला दोनदा चक्कर आली. बीपीची गोळी चालू होतीच. पुण्याच्या पोरानं फोनवर बजावलं, बीपी बिघडलं असेल तर घर बंद करायचं आणि पाचव्या मजल्यावर आमच्याकडं यायचं. मला हे अंगण सोडून कुठंच जायचं नव्हतं. साहेबांनी लगेच आपलं मशीन आणून दिलं. "पाच दिवस, सकाळी सातला. वरचा आकडा वहीत लिहा. मी दवाखान्यातल्या मशीनवर माझाही घेतो."

पहिल्या दिवशी शंभर. दुसऱ्या दिवशी एकशेसाठ. मग एकशेतीस, एकशेदहा, दीडशे. पट्टा आवळायच्या आधीच माझा हात गार पडायचा. आकडा दिसला की पाचवा मजला दिसायचा, आणि त्याच्याही पलीकडचं काहीबाही. वहीत मी काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी उपाय सुचला. एकशेसाठातले तीस काढून शंभरात घातले, दीडशेतले वीस एकशेदहात. पाची दिवस एकशेतीस! बेरजेत एकाचाही फरक नाही, म्हणजे खोटं काहीच नाही.

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. त्यांचे आकडे एकशेसव्वीस, चौतीस, तीस, अठ्ठावीस, बत्तीस. सरासरी त्यांचीही एकशेतीस, विचलन पावणेतीनच्या जरा वर. माझं शून्य. मी मिशीला पीळ दिला. "बघा साहेब, हरलात."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "नाना, तीस वर्षांत मी शून्य दोनदाच पाहिलं. दोन्ही वेळा कारखान्यातल्या पोरांनी न मोजता लिहिलं होतं."

"म्या मोजलंय!"

"जिवंत माणसाचं रक्त एका आकड्यावर बसून राहत नाही हो."

त्यांनी मशीनचं एक बटण दाबलं. मशीनला आठवण असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाची आकडे एकामागून एक बाहेर आले. साहेबांनी गणित केलं, पुसलं, परत केलं. विचलन तेवीसला थोडं कमी. "गोळी रोज घेता ना?"

"डोकं जड वाटलं की दोन घेतो, हलकं असलं की नाय घेत. पण महिन्याला तीस बराबर संपतात."

"अहो, सरासरीनं गोळ्या खाता!" साहेब ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. त्याच पावली मला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. चक्कर त्या गोळ्यांच्या कमीजास्तपणाचीच. रोज एक, ठरल्या वेळेला.

पंधरा दिवसांत माझं विचलन चारावर आलं. पोरानं पुण्याचं नाव सोडलं. मी वही घेऊन ऐटीत साहेबांकडं गेलो, तर त्यांचीच वही उघडी पडलेली. विचलन अकरा.

"हे काय साहेब? तुमचं लई पांगलं की."

"झोप लागत नाही, नाना. भिंतीपलीकडून तुमचा खोकला ऐकू आला नाही, की उठून बसतो."

साहेब माझ्याहून चार वर्षांनी मोठे, घरात एकटेच. आता रोज सकाळी मीच त्यांच्या दंडाला पट्टा बांधतो. दंड इतका बारीक झालाय की पट्ट्याचं टोक पाठीमागं जातं. हवा भरायला लागते. आकडा येईपर्यंत ते माझ्याकडं बघतात, आणि मी खिडकीबाहेर.