शेजारणी वाचल्या

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच, काचेच्या डिशमधल्या पेशी जगवायच्या. त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं, ऊब बघायची, मायक्रोस्कोपखाली रोज एक नजर टाकायची. 'आमच्या बायका' म्हणायची ती त्यांना.

एका सकाळी संशोधन करणारी पोरगी डोकं धरून बसलेली दिसली. "पेशींत विषाणू सोडला होता, पण तो वाढायच्या आतच त्या मेल्या, मावशी. चार महिने पाण्यात."

मावशीने मायक्रोस्कोपला डोळा लावला. मेल्या होत्या खऱ्या, पण मधूनमधूनच. "अगं, रडतेस काय? यांच्या शेजारणी बघ की! ठणठणीत आहेत."

पोरीने पाहिलं, मग दिवसभर मोजत बसली. संध्याकाळी धावतच आली. लागण झालेल्या पेशींनी आधी शेजारणींना सावध केलं होतं, आणि मग विषाणूला वाढू न देता स्वतःलाच संपवलं होतं.

"शहाण्या गं माझ्या बायका," मावशी म्हणाली. हातमोजे काढता काढता थांबली. "मग आमच्या ह्यांचं काय झालं? साधा फ्लू तर होता. डॉक्टर काय बोलले ते मला कळलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, अंगात ताकदच नव्हती, बायकोने पोटाला नीट घातलं नसेल. अकरा वर्षं झाली, ते मनातून जात नाही."

पोरीने दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे जुने कागद मागवून घेतले, दोनदा वाचले.

"ताकद होती, मावशी. पण सावध करणारी हाक थांबलीच नाही. विषाणू कमी झाला तरी शरीर लढतच राहिलं, त्यात फुप्फुसातल्या चांगल्या पेशीही गेल्या. तुमच्या हातच्या जेवणाचा दोष नाही हो."

मावशीला हसू फुटलं आणि डोळेही भरले. "ह्यांचंच ते अंग! एकदा भांडायला लागले की थांबणं ठाऊकच नाही."

घरी पोचल्यावर चपला न काढताच तिने सासूबाईंना सगळं सांगितलं.

"लहानपणापासून हट्टी मेला," म्हातारी पुटपुटली. मग सुनेचा हात धरून म्हणाली, "मी उगाच बोलले गं तुला. बस तू. आज मी वाढते."