लुगोगोची गुडघेबाई

लुगोगोच्या मैदानावर सामना असला की नामुबिरूच्या स्वयंपाकघराची वाट कुणाला विचारावी लागत नाही. केळीच्या पानांत बांधलेलं मातोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा लगदा, वाफेवर शिजत असतं, शेजारी शेंगदाण्याचं कालवण रटरटत असतं, आणि मागच्या दाराशी टकल्या डोक्याचे, लांब टांगांचे दोन करोली पक्षी उष्ट्याची वाट बघत उभे असतात. टांझानियाच्या पोरी आल्या की तिला मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घोटावी लागते. रवांडाच्या पोरींना घेवडा हवा. नायजेरियाच्या पोरी स्वतःच्या मिरच्या बरोबर आणतात आणि तरीही "मम्मा, तिखट कुठाय यात?" म्हणून नाक मुरडतात. सगळ्या तिला ओळखतात, पण नामुबिरू म्हणून नाही. "गुडघेबाई कुठाय?" असंच विचारतात. नव्या पोरींना वाटतं, बाईचे गुडघे दुखत असणार. हल्ली दुखतातही, पण नाव काही त्यावरून पडलेलं नाही.

नामुबिरू एके काळी याच मैदानावर युगांडाकडून क्रिकेट खेळायची. आता खोटं वाटेल, पण तेव्हा आमच्या बायकांच्या संघाला स्वतःचे सदरेही नव्हते. पुरुषांचे जुने सदरे, बाह्या पार कोपराखाली लोंबायच्या. पॅड मांडीपर्यंत यायचे आणि धावताना असे फटाफट वाजायचे की बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. स्पर्धा असली की चार देशांच्या पोरी एका शाळेच्या वसतिगृहात उतरायच्या. केनियाची बस फाटकातून आत शिरायची ती गाण्यासकट. संध्याकाळी टांझानियाच्या पोरी आमच्या पोरींच्या वेण्या घालायला बसायच्या, आणि वेणी घालता घालता हळूच विचारायच्या, "मान हलवू नको गं. बरं, उद्या पहिली ओव्हर कोण टाकणार?" लबाड लेकाच्या! आणि आमच्या पोरी इतक्या भोळ्या की वेणीच्या बदल्यात सगळं सांगून मोकळ्या. नामुबिरू हे सांगताना अजून पोट धरून हसते. तेवढं सुख पुढे कशातच लागलं नाही असं ती उघड म्हणते, आणि नवरा शेजारी बसलेला असला तरी म्हणते.

तिला खेळू दिलं ते तिच्या दामाली आत्यानं. आमच्याकडे पोरीला वळण लावायचं काम आईचं नाही, आत्याचं. कसं बसायचं, काय बोलायचं, मोठ्या माणसासमोर गुडघे टेकून कशी विचारपूस करायची, हे सगळं आत्या शिकवणार, आणि पोर बिघडली तर गाव आत्यालाच बोल लावणार. त्यामुळे नामुबिरू पँट घालून क्रिकेट खेळते हे कळल्यावर कासोझी गावातली सगळी मंडळी दामाली आत्याच्या अंगणात जमली. बाप म्हणाला, "बंद करा हे थेर." आत्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पोरीला समोर बसवलं.

"तुला हा खेळ फार आवडतो?"

"फार, आत्या."

"मग खेळ. पण मी कधी येईन ते सांगून येणार नाही. ज्या दिवशी तुझं वळण सुटलेलं मला दिसलं, त्या दिवशी ती पँट चुलीत जाईल. तुझीच नाही, गावात पुढे कुणी घातली तर तिचीही."

आत्या बोलली म्हणजे ते ब्रह्मवाक्य. आणि त्या वर्षीच्या स्पर्धेला, नेमकी अंतिम सामन्याला, ती आली.

केनियाला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. नामुबिरू सीमारेषेवर दोरीपाशी उभी होती. कप्तान आकेलो ओरडून पोरींच्या जागा बदलत होती, गोलंदाज मागे चालत निघाली होती. एवढ्यात नामुबिरूच्या पाठीमागे कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं तिला झोपेतसुद्धा ओळखू आलं असतं. तिनं मान वळवली, तर टोकदार खांद्यांची पिवळीधमक गोमेसी नेसून, हातात बटवा धरून दामाली आत्या दोरीपलीकडे उभी!

नामुबिरूनं मनात हिशेब केला की गोलंदाज अजून लांब आहे, चटकन आटोपेल. टेकले की गुडघे! मैदानाकडे पाठ, आणि हात मांडीवर.

"कशा आहात, आत्या?"

"बरी. तू कशी?"

"बरी."

"म्म."

"घरची सगळी?"

"आहेत. भाऊ बरा?"

"बरा."

"म्म."

आता आमची विचारपूस म्हणजे काही तोंडदेखलं नमस्कार-चमत्कार नव्हे. मोठं माणूस शेवटचं 'म्म' म्हणेपर्यंत उठायचं नाही. आणि दामाली आत्याला तर घाई हा शब्दच ठाऊक नव्हता. गाई झाल्या, केळीची बाग झाली, शेजारणीचा दमा झाला. मागून आकेलो घसा फोडून ओरडत होती. "ए बये, ऊठ! ऊठ ना गं!" नामुबिरूला ते ऐकू येत होतं, पण गुडघे काही उचलेनात. तेवढ्यात फटकावलेला चेंडू तिच्या पायाच्या अंगठ्याला चाटून दोरीबाहेर गेला. मग सगळं मैदान उठून ओरडायला लागलं. ते काय ओरडत होतं ते मी इथं सांगत नाही.

दामाली आत्यानं मान उंच करून त्या गर्दीकडे पाहिलं, हात हलवून "बसा, बसा" अशी खूण केली, आणि भाचीला म्हणाली, "छान. पँटीतसुद्धा वळण शाबूत आहे." आणि टॅक्सी पकडून गावी निघून गेली.

चषक केनियाला गेला. आकेलो पुढे कितीतरी दिवस म्हणायची, "अगं, आमच्या उत्तरेतही बायका वाकतात की! पण चेंडू येत असताना नाही गं!" केनियाच्या पोरींनी तिला गुडघेबाई हे नाव दिलं, आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच. निवड करणाऱ्यांनी तिला परत कधी संघात घेतलं नाही. मैदान मात्र तिला सोडवेना, म्हणून तिनं स्वयंपाकघर धरलं.

इकडे कासोझीत वेगळीच गंमत. दामाली आत्या घरोघर सांगत सुटली, "काय सांगू! माझ्या पोरीनं गुडघे टेकले आणि सगळं मैदान उभं राहून ओरडलं. मोठी मोठी माणसं, टोप्या उडवत होती!" बायका तोंडावर हात ठेवून ऐकायच्या. बाप मंडळी माना डोलवायची. ज्या खेळात पोरीच्या वळणाचं एवढं कौतुक होतं, तिथे पोर पाठवायला काय हरकत आहे? पुढच्याच सुट्टीत कासोझीच्या तीन-चार पोरी लुगोगोला आल्या. मग त्यांच्या धाकट्या बहिणी आल्या. आज युगांडाच्या संघात कासोझीची एक तरी पोर नाही असं होत नाही.

नामुबिरूचा मात्र वर्षानुवर्षं जळफळाट व्हायचा. गावी गेली की आत्या चारचौघांत तीच गोष्ट रंगवून सांगणार आणि हिनं मान खाली घालून ऐकायचं. कितीदा तिच्या ओठांवर आलं, आत्या, ते कौतुक नव्हतं हो, तुमच्यापायी माझा खेळ गेला. पण समोर बसलेल्या पोरींचे चमकणारे डोळे बघितले की ती पुन्हा मान खाली घालायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे यंदाचा अंतिम सामना. पुन्हा लुगोगो, पुन्हा केनिया. आणि आमच्या संघात प्रोसी, नामुबिरूच्या भावाची मुलगी. म्हणजे आता नामुबिरू स्वतःच आत्या. त्यात दामाली आत्यानं निरोप धाडला, "मला यायचंय. परत कधी बघायला मिळेल कुणास ठाऊक." नामुबिरूनं सामन्याच्या दिवशी सकाळीच प्रोसीला स्वयंपाकघरात गाठलं.

"आजी येणार आहे. सामना चालू असताना तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, कळलं?"

"असं कसं, आत्या? ती समोर आली आणि मी उभीच राहिले तर बाबा मला घरात घेतील का? आणि तूच तर शिकवलंस सगळं."

"शिकवलं ना? मग आता मीच सांगते, विसर!"

"तुला जमलं होतं का विसरायला?" प्रोसीनं विचारलं. नामुबिरू कालवण ढवळत राहिली. तिला एकच भीती वाटत होती, की हिलाही लोक गुडघेबाई म्हणतील. स्वतःचं सोसलं, पण पोरीचं सोसवणार नव्हतं.

आत्या आली तेव्हा केनियाची फलंदाजी चालू होती. वाळून पार काटकुळी झालेली, पण गोमेसी तशीच कडक. नामुबिरूनं तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची स्वयंपाकघराच्या बाजूला, दोरीपाशीच पण सावलीत मांडली होती. प्रोसी पलीकडच्या टोकाला उभी असायची, म्हणून मुद्दाम ही जागा. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग नेमकं शेवटच्या ओव्हरला कप्तानानं हात हलवला, आणि प्रोसी धावत धावत सरळ त्यांच्याच दिशेनं दोरीकडे यायला लागली.

"कोण येतंय गं?" आत्यानं डोळे बारीक केले. "आपली प्रोसी ना?"

"हो... आत्या, चला, आत चला. ऊन लागेल. चहा टाकते."

"सावलीत कुठलं आलंय ऊन?"

"मग चेंडू लागेल एखादा! चला हो, ऐका माझं."

आत्यानं तिच्याकडे वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "खुर्ची फिरव."

"कुठे?"

"मैदानाकडे पाठ कर माझी. लवकर कर, पोर जवळ आली. पाठमोऱ्या माणसाला गुडघे टेकावे लागत नाहीत, हे तुला मीच शिकवलंय ना?"

तिनं आत्याला धरून उठवलं, खुर्ची फिरवली, परत बसवलं. आत्यासमोर आता नुसती स्वयंपाकघराची भिंत आणि ते दोन करोली. प्रोसी येऊन पोचली, आजीची पाठ तिनं बघितली, क्षणभर घुटमळली आणि मैदानाकडे वळली. केनियाची फलंदाज हातमोजे बदलायला थांबली होती.

"आत्या," नामुबिरूनं विचारलं. "तुम्हाला ठाऊक होतं, ते कौतुक नव्हतं ते?"

"शिव्या कळायला खेळ कळावा लागतो होय गं? त्या दिवशी टॅक्सीत शेजारी बसलेला बुवा अर्ध्या वाटेपर्यंत तुझ्या नावानं बोटं मोडत होता. मी आपली बटवा घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसले."

"मग गावात तसं का सांगत राहिलात?"

"खरं सांगितलं असतं तर कुठल्या बापानं पोर पाठवली असती? प्रोसीच्या हातात बॅट आली असती?" म्हातारी भिंतीकडेच बघत होती. "तुझं नुकसान झालं माझ्यामुळे. ते काही मला भरून देता येईना. फार वाईट वाटायचं, बाई. तू मान खाली घालून ऐकायचीस ना, तेव्हा तर फारच. म्हटलं, निदान बाकीच्या पोरींचं तरी होऊ दे. आता रडू नको. सांग मला काय चाललंय ते. मी ऐकायलाच आलेय."

नामुबिरूनं पदराला, म्हणजे कमरेच्या फडक्याला, डोळे पुसले आणि सांगायला लागली. एकेक चेंडू सांगितला. हा अडवला. ही एक धाव. हा हुकला. शेवटच्या चेंडूवर केनियाला चार धावा हव्या राहिल्या, तेव्हा तिनं खुर्चीची पाठ धरली.

"टाकला... मारला! आत्या, इकडेच येतोय!"

"प्रोसी?"

"धावतेय... लांब आहे हो... अगं पळ, पळ!"

प्रोसीनं दोरीच्या अलीकडे दोन्ही गुडघ्यांवर घसरत जाऊन चेंडू छातीनं अडवला होता आणि तशीच बसल्या बसल्या फेकला होता. केनियाच्या दोनच धावा झाल्या. सगळं मैदान उठून ओरडायला लागलं, तोच आवाज, तेवढाच मोठा.

आत्यानं खुर्चीचे हात गच्च धरले होते. तिनं मान तसूभरही वळवली नाही. "काय झालं? अगं बोल की! शिव्या देतायत का पोरीला?"

"नाही हो, आत्या." नामुबिरू हसत होती आणि रडतही होती. "जिंकलो. या वेळी खरंच कौतुक चाललंय."

"म्म," आत्या म्हणाली. मग तिनं गोमेसीच्या चुण्या सारख्या केल्या, बटवा मांडीवर नीट ठेवला. "मग आता फिरव खुर्ची. आणि प्रोसीला म्हणावं, ये, बस, सावकाश विचारपूस कर. शेजारणीच्या दम्यापर्यंत सगळी."