लखमा मास्तरांच्या सतरा गाठी

चार मास्तर एका खोलीत अभ्यासाला बसले तर अभ्यास किती होतो ते सांगता येत नाही, पण किस्से भरपूर साठतात. आमचे एकाच उन्हाळ्यातले आहेत आणि अजून संपत नाहीत.

जव्हार संस्थान विलीन झालं आणि काही वर्षांत आम्हां जुन्या मास्तरांना कागद आला: ट्रेनिंगची परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. इतकी वर्षं आम्ही मुलांना "पाठ करा" म्हणून दरडावत होतो. ते करायचं कसं, हे आम्हांलाच ठाऊक नव्हतं!

*

मी पहिल्याच दिवशी वेळापत्रक केलं. लाल-निळ्या पेन्सिलीनं, पट्टीनं रेघा मारून. त्यात जेवणाची वेळ राहिली, म्हणून दुसरं केलं. मग तिसरं. आठवड्यानं इस्माइल मास्तरांनी विचारलं, कुठवर आलं?

"वेळापत्रक तोंडपाठ झालंय," मी म्हणालो.

*

इस्माइल मास्तर जव्हार गावातले, शिंप्याच्या घरातले. बसलं की त्यांना पेंग यायची. म्हणून ते वाचत वाचत गावाबाहेरच्या शिरपामाळापर्यंत चालत जात. जाताना एक प्रकरण, येताना दुसरं. एकदा मी त्यांना सहज एक प्रश्न विचारला. डोळे मिटून म्हणाले, "थांबा, हे करवंदीच्या जाळीपाशी आहे." मग खोलीतच दोन फेऱ्या मारल्या आणि अख्खं उत्तर सांगून टाकलं.

*

जामसरच्या पांडू मास्तरांना मोठ्यानं म्हटल्याशिवाय काही डोक्यात शिरत नसे. त्यांच्या बायकोला, काशीबाईंना, अक्षरओळख नव्हती. एक दिवस मास्तर आपल्या घरी आम्हांला चांगल्या प्रश्नाचे चार गुण सांगत होते आणि तिसऱ्यावर अडले. तिसरा आणि चौथा, दोन्ही काशीबाईंच्या चुलीपासून ऐकू आले!

"परीक्षेला हिलाच बसवा," मास्तर वैतागले.

"बसते की. भाकऱ्या तुमी थापा."

त्या दिवसापासून ते रोज धडा आधी काशीबाईंना समजावून सांगू लागले. त्यांना पटला तरच पुढचा.

*

आम्हांला खरी काळजी होती लखमा मास्तरांची. ते साखरशेतचे. दोनदा नापास झालेले, ही शेवटची संधी. आमच्यात सगळ्यात चांगलं शिकवणारे तेच, पण पेपरात पहिल्याच प्रश्नाला माहीत असलेलं सगळं ओतायचे आणि तिथेच वेळ संपायचा.

मार्गदर्शनाला पुण्याकडचे एक साहेब आले होते. ते जाताना म्हणाले, "मुद्द्यांची मनाशी खूणगाठ बांधा."

दुसऱ्या दिवशी लखमा मास्तर हातभर सुतळी घेऊन आले. तिला सतरा गाठी!

आम्ही पोट धरून हसलो. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांच्या पाड्यात लग्नाचा दिवस कळवायचा तर जितके दिवस उरले तेवढ्या गाठी दोरीला मारून पाठवत, पाहुण्यांनी रोज एक सोडायची. मग अभ्यासाला का नाही? साधी गाठ म्हणजे एक मुद्दा. दुहेरी गाठ म्हणजे थांब, पुढच्या प्रश्नाला जा. महिनाभर ते ती सुतळी बोटांनी चाचपत उत्तरं लिहीत होते. दुहेरी गाठ आली की हात थांबायचा. मग आमचं हसू थांबलं.

*

परीक्षेला सुपरवायझर होते एक म्हातारे, करडे गृहस्थ. पेपर वाटायच्या आधीच त्यांना सुतळी दिसली.

"हे काय?"

"उत्तरं," लखमा मास्तर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

सुपरवायझर साहेबांनी सुतळी उलटसुलट करून पाहिली, वाचता येईना, तेव्हा खिशात घातली. लखमा मास्तर काही क्षण रिकामे हात बघत बसले. मग टाक उचलला. पाचही प्रश्न लिहून वेळेआधी उठले.

साहेब जवळ आले. "सुतळी तर माझ्याकडे. मग लिहिलंत कसं?"

"गाठ मारताना याद राहतं, साहेब. मंग सुतळीचं काम नाय."

सुतळी साहेबांच्याच खिशात राहिली.

पावसाळ्यात निकाल लागला. चौघेही पास! त्याच आठवड्यात लखमा मास्तरांच्या नावानं एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, नुसती सुतळी. त्यांनी ती एका टोकापासून बोटांनी चाचपत नेली आणि शेवटाला थबकले.

"सतरा माज्या," ते म्हणाले. "ही अठरावी माजी नाय."