नको म्हटलेली खुर्ची

हसायचं तर खुशाल हसा, पण माझ्या वक्तृत्वाने मी स्वतःलाच पाडलं!

त्याचं असं झालं. अकोल्यात जठारपेठेत आमचं नाट्यमंडळ आहे. जुन्या धाटणीचं एक राजदरबारी नाटक आम्ही दरवर्षी करतो. त्यात सेनापती मी. राजा मरतो, प्रजा माझ्यापुढे मुकुट धरते आणि मी छातीवर हात ठेवून गरजतो, "नको मला हे सिंहासन!" प्रजा पाया पडते. मी पुन्हा नको म्हणतो. प्रजा रडते. मग लांब उसासा टाकून मी मुकुट घेतो. टाळ्या काय पडतात म्हणता!

यंदा मंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता. ती खुर्ची मला हवी होती, अगदी मनापासून. पण "मला अध्यक्ष करा" असं सरळ सांगेल तो पुढारी कसला? आमच्याकडे पंगतीत "नको, नको" म्हणणाऱ्याच्याच पानात जास्त जिलेबी पडते. तोच हिशोब मी लावला. मेव्हण्याला, गजाननला, पढवून ठेवलं. मी नाही म्हटलं की त्याने उठून आग्रह करायचा.

सभेत माझं नाव निघालं. मी उठलो.

"मित्रहो, मला पदाचा मोह नाही! हे खांदे आता थकले. नव्या रक्ताला वाव द्या!"

आवाज असा कापरा लावला, की माझेच डोळे भरून आले. गजानन रुमालाने डोळे पुसत उठला.

"भाऊजी बराबर बोलून राहिले! त्यायले आता तरास देऊ नका!"

अरे! मी घाईघाईने म्हणालो, "तसा तुमचा फारच आग्रह असेल तर..."

"आग्रह कायचा?" खजिनदार देवरावकाका म्हणाले. "नाई म्हन्ते त जाऊ द्या न माणसाले! गजानन, तू होतं काय अध्यक्ष?"

"होतो."

झाली निवडणूक!

बाहेर मी त्याला धरलं. "काहून रे, तुले काय सांगतलं होतं?"

"भाऊजी, तुमी बोललेच असे, मले पटलं न!"

बरं, खांदे थकले म्हटल्यावर सेनापतीची भूमिकाही नव्या रक्ताकडे गेली. मी आता प्रजेत आहे. काल तालमीत गुडघे टेकून मी नव्या सेनापतीला विनवत होतो, "मुकुट घ्या, महाराज!"

अध्यक्ष गजानन खुर्चीतून ओरडला, "भाऊजी, आग्रह खरा वाटून नाई राहिला!"