राजूर घाटासाठी मोठ्या डिस्क

राजूर घाट उतरताना आमच्या गाडीचे ब्रेक गेले, तेव्हा बायको शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. बुलढाण्याला तिचं डायलिसिस आटोपून आम्ही मोताळ्याला घरी परतत होतो. आठवड्यातून दोनदा हा फेरा असायचा आणि येताना ती कायम गळून गेलेली असायची.

दोन वळणांपासून पेडल मऊ लागत होतं. तिसऱ्या वळणावर ते थेट तळाला गेलं आणि गाडी होती त्याच वेगानं खाली निघाली. समोरून ट्रक येत होता. मी हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घातली. डोंगर डावीकडे होता, म्हणजे तिच्या बाजूला. चाकं नालीत उतरली, दरवाजा खडकाला घासत गेला आणि गाडी थांबली.

डायलिसिसच्या सुया टोचतात तो तिचा डावा हात. तो वाचवायला तिनं हात छातीशी धरून दरवाजाकडे पाठ फिरवली होती. सगळा मार खांद्यावर आणि पाठीवर आला. हाड मोडलं नाही. पण घरी आल्यावर तिनं शांतपणे सांगितलं, "म्या आता त्या घाटात लहान गाडीत नाई बसत. आपल्याही नाई अन् दुसऱ्याच्याही नाई."

मी शाळेत शिक्षक आहे. वर्गात चाळीस पोरांना गप्प करतो, पण तिच्यापुढे माझं काही चाललं नाही. आम्ही एसटीनं जायला लागलो. जाताना ठीक असायचं. येताना तिला चक्कर यायची, आणि जागा मिळाली नाही तर ती दांड्याला धरून घाटभर उभी राहायची. मी मागून तिला धरून उभा. तिच्या पाठीवरचा काळानिळा डाग मला ब्लाउजच्या कडेला दिसायचा.

म्हणून मी गाडीच्या मागे लागलो. ब्रेक असा बसवायचा की पुन्हा कधी जाणार नाही. मोताळ्यातल्या एका वयस्क मुसलमान मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी चाक काढलं, डिस्कवरून बोट फिरवलं. ती उष्णतेनं निळसर पडली होती. पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

"चाचा, याच्याहून मोठी डिस्क बसते का?" मी विचारलं.

"बसते ना, गुरुजी. हेच मॉडेल, पण वरचं. त्याची डिस्क मोठी येते अन् मधातून पोकळ असते, हवा खेळते, लवकर थंडी होते. पण मंग पॅड दाबते तो कॅलिपरही बदला, रिमही मोठी लावा. हे रिम कॅलिपरले घासते." ते जरा थांबले. "एक विचारू? उतारावर न्यूटरल करता का?"

"नाही," मी म्हणालो.

ते खोटं होतं. घाटाचा उतार लागला की मी गाडी न्यूटरल करायचो. डिझेल वाचतं म्हणून. स्टाफरूममध्ये माझ्या गाडीच्या मायलेजचं मी किती कौतुक सांगायचो. इंजिनाचा अडसर नाही म्हटल्यावर गाडीचा सगळा भार ब्रेकवर यायचा, हे कळत नव्हतं असंही नाही.

चाचांनी बोट फडक्याला पुसलं. "ब्रेक ऑइलही बदलावं लागन," एवढंच म्हणाले. "पाणी धरलंय त्यानं. गरम झालं का उकळते."

सामान खामगावच्या भंगार बाजारात मिळालं. वरच्या मॉडेलची, अपघातात मागून चेपलेली गाडी होती, पुढचा भाग शाबूत. चाचांनी डिस्क लेथवर साफ करून आणल्या, नवे पॅड घातले, ऑइल बदलून नळ्यांतली हवा काढली. मग मला शेजारी बसवून मलकापूर रस्त्याला नेलं. सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, दाबायचं, सोडायचं, पुन्हा वेग. पंधरा-वीस वेळा. "पॅड बसू द्या डिस्कवर," म्हणाले. पेडल दगडासारखं लागत होतं. मी गाडी घरी आणून अंगणात लावली. तिनं खिडकीतूनही पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात डायलिसिस चुकलं. दोन एसटी भरून आल्या, पाय ठेवायला जागा नव्हती. ती स्टँडच्या फरशीवर खाली बसली आणि म्हणाली, "घरी चला." पुढच्या एसटीची वाट पाहू म्हणून मी हातापाया पडलो. ती उठली नाही ती नाहीच. शेवटी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पाय खांबासारखे सुजले होते. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ काळसर. डायलिसिस सेंटरच्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, लगेच घेऊन या. गावातली रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो.

"चाल न वं. मोठ्या डिस्क बसवल्या. आता ब्रेक नाई जात."

तिला एका दमात वाक्य होत नव्हतं. "मंग त्या दिवशी... काऊन गेले?"

मला खोटं सुचलंच नाही. "न्यूटरल केली होती म्या. दर वेळी करत होतो."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग तिनं उजवा हात पुढे केला, उठवायला.

घाट चढताना मी तिच्याशी बोलत राहिलो, उत्तर येत नव्हतं तरी. एकदा मान एका बाजूला कलली तेव्हा मी गाडी चालवत चालवत तिचं नाव घेऊन ओरडलो. "हाव," ती म्हणाली. त्या एका शब्दावर मी बुलढाण्यापर्यंत पोचलो. त्या दिवशी तिच्या अंगातून तीन लिटर पाणी काढलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले ते अर्धं मी ऐकलंच नाही.

परतताना घाटाच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवायला लावली. "दुसरा टाका," म्हणाली. मी दुसरा गिअर टाकला. इंजिन घरघरत राहिलं, ब्रेक वळणावळणाला तेवढा लावला आणि प्रत्येक वेळी तो पहिल्याइतकाच घट्ट लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तिनं डोळे मिटले नाहीत. खडकावर आमच्या दरवाजाचा रंग अजून चिकटलेला होता.

तिनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. येताना एसटीत बसायला जागा असली तर ती अजूनही एसटीनंच येते. मी रिकामी गाडी घेऊन दुसऱ्या गिअरवर त्या एसटीच्या मागे घाट उतरतो आणि बसच्या मागच्या काचेतून तिचं डोकं दिसतं का ते पाहत राहतो.