सदाशिव पेठ ते लोणी काळभोर, कीबोर्डसह

सकाळी सात वाजता आम्ही सदाशिव पेठेतून निघालो तेव्हा माझा कीबोर्ड पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला होता. त्याची पिशवी आदल्या दिवशी फाटली होती. एक टोक माझ्या खांद्यावर, दुसरं रोहनच्या, असे आम्ही जिना उतरत होतो आणि गॅलरीत कौस्तुभचे वडील नाना चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी वरूनच विचारलं, "किती वाजता उचलताय?" पुण्यात दोन वर्षं काढल्यानंतर अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं एवढं मला कळायला लागलं होतं.

नागपूरच्या मंडळींना इथे थोडा खुलासा करायला हवा. मी पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आलो आणि पहिल्याच वर्षी एका रॉक बँडमध्ये शिरलो. विलायतेतल्या एका जुन्या बँडची गाणी जशीच्या तशी वाजवायची, आपलं म्हणून काही घालायचं नाही, असा हा बँड. इंग्रजीत याला ट्रिब्यूट बँड म्हणतात. गिटार वाजवणारा कौस्तुभ आमचा म्होरक्या, कारण तालीम त्याच्या घरी व्हायची आणि पोहे त्याची आई करायची. रोहन गायचा. त्याने सगळी इंग्रजी गाणी कॅसेटवरून कानाने पाठ केली होती, त्यामुळे शब्द काय आहेत ते त्यालाही माहीत नव्हतं. ड्रम वाजवणारा बंटी येरवड्याचा. 'मी येरवड्याला असतो' असं तो सांगायचा आणि लोक 'सुटलात कधी?' असं विचारायचे.

आणि कीबोर्डवर मी. पण किती दिवस, हा प्रश्न होता. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथल्या एका कंपनीत लागलेला कौस्तुभचा मावसभाऊ अमेरिकेहून एक भलामोठा सिंथेसायझर, म्हणजे कीबोर्डचा थोरला भाऊ, घेऊन आला होता. माझा कीबोर्ड लक्ष्मी रोडवरून सेकंडहँड घेतलेला. कौस्तुभ त्याला 'खेळणं' म्हणायचा. आदल्या रात्री त्याने मला स्पष्टच सांगितलं होतं, "हे बघ मिलिंद, उद्या तिसऱ्या गाण्यातला सोलो नीट वाजला तर ठीक. नाहीतर आपण मित्र आहोतच." या 'मित्र आहोतच'चा अर्थ कळायला पुण्यात दोन आठवडेही पुरतात. त्या सोलोवर, म्हणजे एकट्याने वाजवायच्या तुकड्यावर, मी तीन महिने घासत होतो आणि तो दर वेळी नवव्या सेकंदाला घसरत होता. दोन वर्षांत या शहरात माझं म्हणावं असं ठिकाण एकच झालं होतं, ते म्हणजे कौस्तुभच्या घराची ती मागची खोली. ती सुटली तर मी परत होस्टेलच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडणार होतो.

कार्यक्रम मिळाला होता लोणी काळभोरच्या एका नव्या कॉलेजात. कौस्तुभच्या नानांनी, जे मराठीचे निवृत्त शिक्षक होते, आमच्या वतीने पाच-सहा संस्थांना पत्रं लिहिली होती. एकीनेच उत्तर पाठवलं, तेही तारेसारखं तातडीने. 'आपल्या पत्राने आम्ही भारावलो. अवश्य यावे.' रॉक बँडने कोणी इतकं भारावल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. म्हणून आम्ही नवे टी-शर्ट छापून घेतले, काळे, छातीवर पांढरी कवटी.

पुलगेट मागे टाकून आमचा भाड्याचा टेंपो हडपसरला थांबला. टेंपोवाल्याला चहा हवा होता. टपरीवाल्याने आमच्या कवट्यांकडे बघत विचारलं, "कुठं निघाली मंडळी?"

"लोणीला. प्रोग्राम आहे," कौस्तुभ म्हणाला.

"कसला?"

"रॉक."

"रॉकेल हितं न्हाय मिळत. रेशनच्या दुकानात जावा."

हडपसर सुटलं की सोलापूर रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस लागायचा. मधूनमधून रोपवाटिका, गुलाबाच्या काळ्या पिशव्यांच्या रांगा, आणि त्यांच्यामध्येच 'आयटी पार्कपासून अवघ्या काही मिनिटांवर' अशी पाटी लावलेलं उघडंबोडकं माळरान. पाटीखाली एक म्हैस बसली होती. तिला काही मिनिटांची घाई दिसत नव्हती. मी चादरीवरूनच बोटं चालवत सोलोची उजळणी करत होतो आणि बंटी म्हणाला, "मिल्या, झोपेत वाजवतोस तसं वाजव, तेव्हा बरं वाजतं." माझ्या बाजूचा हा एकच माणूस.

कॉलेजच्या फाटकावर मोठा कापडी फलक होता. आधी मला बँडचं नाव दिसेल असं वाटलं. दिसला तो टोपी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा हार घातलेला फोटो. खाली लिहिलं होतं: 'संस्थेचे संस्थापक कै. तात्या यांचे प्रथम पुण्यस्मरण. पुण्याच्या श्रद्धांजली वाद्यवृंदाची सुरेल आदरांजली.'

टेंपोतच रोहनने हळूच विचारलं, "वाद्यवृंद म्हणजे आपणच ना?"

पांढऱ्या सफारीतले एक सर हात जोडून पुढे आले. नाव दत्ता सर. आमच्या पत्राला उत्तर लिहिणारे तेच. त्यांनी फाइल उघडून नानांचं पत्र दाखवलं. नाना जन्मात कधी इंग्रजी शब्द मराठीत घुसू देणाऱ्यातले नव्हते. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'महोदय, आमचा विद्यार्थी श्रद्धांजली वाद्यवृंद आपल्या संस्थेत सेवा सादर करू इच्छितो.' ट्रिब्यूट बँड! नानांनी शब्दकोश बघितला असणार आणि कौस्तुभने, मराठी पत्र म्हणून, वाचलंच नव्हतं. ज्यांची गाणी आम्ही वाजवायचो ती विलायतेतली चारही माणसं त्या दिवशी ठणठणीत होती.

"असं पथक आमी पयल्यांदाच ऐकलं," दत्ता सर म्हणाले. "पोरं एवढ्या लहान वयात दुसऱ्याच्या दुःखात जात्यात, म्हंजे काय सोपी गोष्ट हाय का?"

कौस्तुभ आम्हाला टेंपोमागे घेऊन गेला. "परत फिरायचं," तो म्हणाला. "गाडी बिघडली म्हणू."

"ती चालू आहे बे, आत्ता आली ना त्यांच्यासमोर," मी म्हणालो. घाबरलो की माझं नागपूर बाहेर येतं.

तेवढ्यात तात्यांच्या पत्नी आल्या. सगळे त्यांना आक्का म्हणत होते. नऊवारी, कपाळ मोकळं, बारीक चण. त्यांनी एकेकाच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "आमच्या मालकांसाटी इतक्या लांबनं आलात," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर बंटीच्या छातीवरच्या कवटीवर थांबली. "हे काय रं?"

"तात्यांचं... म्हणजे, सगळ्यांचंच शेवटी असं होतं, आक्का," बंटी म्हणाला.

आक्कांनी मान डोलावली. "खरं हाय बाबा." आता पळून जाणं कोणालाच शक्य नव्हतं. आम्ही टेंपोत चढून टी-शर्ट उलटे घातले.

मंडपात चारेकशे माणसं सतरंजीवर बसलेली. पुढे भजनी मंडळ, टाळ-पखवाज मांडीवर. त्यांचं नुकतंच संपलं होतं. एक संथ इंग्रजी गाणं तेवढं वाजवायचं, रोहनने शब्द गिळायचे आणि नमस्कार करून उतरायचं, असं ठरलं. संथ गाणं म्हणजे तिसरं गाणं. सोलोचं.

कौस्तुभने अँप्लिफायर लावला, गिटारची तार छेडली, आणि वीज गेली.

"आता दोनलाच येनार," मंडपातलं कोणीतरी शांतपणे म्हणालं. ही भारनियमनाची वर्षं होती आणि लोकांना विजेचं वेळापत्रक पाठ असायचं. मंडपवाल्याचा जनरेटर दुसरीकडे एका लग्नात गेला होता. विजेची गिटार विजेशिवाय म्हणजे तारा लावलेली फळी. कौस्तुभ ती फळी गळ्यात अडकवून उभा होता.

माझ्या कीबोर्डच्या पोटात मात्र सहा मोठे सेल होते. होस्टेलवर रोज वीज जायची म्हणून मी ते कायम घालून ठेवायचो. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

दत्ता सरांनी परिस्थिती ओळखली आणि हात उंचावून मोठ्याने जाहीर केलं, "पथकातले तिघं जण उभं राहून मौन पाळतील. एक जण सेवा देईल." लोकांनी आदराने बघितलं. कौस्तुभ, रोहन आणि बंटी यांनी माना खाली घातल्या. दुसरं काय करणार?

आणि माझा अंगठा चुकून तालाच्या बटणावर पडला. ढिंग-चिक-ढिंग-चिक! कीबोर्डमध्ये आयता भरलेला डिस्कोचा ताल चारशे माणसांच्या शांततेत वाजू लागला. तो बंद करायला मला किती वेळ लागला कोण जाणे, मला तरी एक सत्र संपल्यासारखं वाटलं. पहिल्या रांगेतल्या पखवाजवाल्या म्हाताऱ्याने भुवया वर केल्या आणि शेजाऱ्याला समजावलं, "मशीन तपासतोय."

कौस्तुभ मान खाली ठेवूनच दातांतून बोलला, "काहीही वाजव. सोलो नको."

काहीही म्हणजे काय? विलायती गाण्यांतलं एकही तिथे चालण्यासारखं नव्हतं. मला एकच गोष्ट येत होती, आणि ती येते हे मी बँडला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. आमच्या बाबांची चाल. बाबा वस्तीतल्या विहारात पेटी वाजवतात, जयंतीच्या गायन पार्टीतही आणि कुणी गेलं की पुण्यानुमोदनाच्या (दिवंगताच्या स्मृतीसाठी केल्या जाणाऱ्या बौद्ध विधीच्या) वेळीही. सगळे गाणारे थकले की बाबा नुसती पेटी वाजवत राहतात, शब्दांशिवाय, घरच्या माणसांना निवांत रडता यावं म्हणून. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून भाता ओढायला शिकलो. पुण्यात मात्र मी 'क्लास लावला होता' असं सांगून ठेवलं होतं.

पेटीच्या जवळचा एक आवाज निवडला आणि सुरुवात केली. भाता नसल्यामुळे सूर सपाट येत होता आणि मला लाज वाटत होती. मग थोड्या वेळाने ती वाटेनाशी झाली. म्हाताऱ्याने पखवाजावर नुसत्या बोटांनी ठेका धरला. मी वर पाहिलं तर आक्का पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि त्यांच्या शेजारच्या बायका, आणि दत्ता सर सफारीच्या बाहीने डोळे पुसत होते. मला बाबांची इतकी आठवण आली की दोन ठिकाणी बोट चुकलं. तिथे कोणी सेकंद मोजत नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटं वाजवलं असेन. थांबलो तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. बाबांच्या कार्यक्रमांतही कधी वाजत नाहीत.

नंतर पंगत. वांग्याची भाजी, बुंदी, भात आणि आमटी (आपलं वरण नव्हे, काळ्या मसाल्याची, नाकातून पाणी काढणारी). वाढायला आक्का स्वतः. माझ्या पानाशी त्या थांबल्या.

"कुनाकडं शिकलास?"

"बाबांकडे. नागपूरला. पेटीवर."

"त्यास्नी सांग, लोणीच्या म्हातारीला वरीसभर रडू येत न्हवतं, ते तुमच्या पोरानं आनलं." एवढं म्हणून त्यांनी बुंदीचा दुसरा डाव घातला आणि हळूच म्हणाल्या, "सदरा उलटा घातलायस बघ. नीट घाल. कवटी असली तर असू दे."

कौस्तुभ शेजारच्याच पानावर होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर तो हडपसरपर्यंत गिटारच्या तारा सैल करत बसला. ऊस, रोपवाटिका, म्हैस, सगळं उलट्या क्रमाने गेलं. मला वाटलं, झालं, आता 'मित्र आहोतच' येणार. मी मनातल्या मनात मागच्या खोलीतून माझी वही आणि चप्पल कधी आणायची ते ठरवत होतो.

"त्या मावसभावाचा सिंथ," तो शेवटी रस्त्याकडे बघत म्हणाला, "विजेवर चालतो."

पुण्यात 'तू राहा' हे असं म्हणतात. मला ते कळलं आणि मी कीबोर्डची चादर पुन्हा नीट गुंडाळायला घेतली.

"क्लास लावला होता म्हणालेलास," तो म्हणाला. "बाबांचं सांगितलं का नाहीस?"

"तू कीबोर्डला खेळणं म्हणतोस. पेटीला काय म्हणाला असतास?"

"वाईट म्हणालो असतो," तो म्हणाला. आणि मग, "सॉरी." बंटीने ड्रमच्या काड्या खाली ठेवून आम्हा दोघांकडे पाहिलं, कारण कौस्तुभच्या तोंडी हा शब्द त्यानेही पूर्वी ऐकला नव्हता.

नागपूरहून निघताना मला वाटलं होतं की मोठ्या शहरात टिकायचं तर घरचं शिकलेलं ट्रंकेत तळाशी ठेवावं लागतं. वीस किलोमीटरच्या त्या प्रवासात कळलं की माझा तो समज चुकीचा होता, आणि त्यापायी मी दोन वर्षं उगाच चोरासारखा वागलो होतो. पुढे शिक्षण संपेपर्यंत मी त्या बँडमध्ये होतो. तिसऱ्या गाण्यातला सोलो दर वेळी नवव्या सेकंदाला घसरला, आणि दर वेळी कौस्तुभ गिटारचा आवाज वाढवून तो झाकायचा.