आतोबांचे बिऱ्हाडकरू

पित्ताबद्दल इतक्या मायेने बोलणारा माणूस आमच्या मोरा बंदरात दुसरा झाला नाही. ते माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. साठच्या दशकात ते रोज सकाळच्या लाँचने मुंबईला एका प्रयोगशाळेत कामाला जात. त्यांच्या मांडीवर ॲल्युमिनियमचा डबा असे आणि शेजारची जागा हमखास रिकामी राही, कारण डब्यात खाटकाकडून मागून आणलेली बकऱ्याची पित्ताची पिशवी असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मासा कापताना पित्त फुटलं की बाया हळहळत. आतोबा मात्र काचेची नळी घेऊन धावत. जेवताना भात कालवता कालवता ते सांगत, की यकृत पित्ताची आम्लं तयार करतं, पण आतड्यातले जिवाणू त्यातला ऑक्सिजनचा एखादा अणू अलगद खुडून वेगळंच आम्ल बनवतात, आणि ते रक्तातून पुन्हा यकृताकडे जातं. या जिवाणूंना ते बिऱ्हाडकरू म्हणत. आजी आम्हा पोरांना एरंडेल पाजायला बसली की हे मध्ये पडत. त्या गरिबांना उगाच घराबाहेर काढू नका, असं तिला विनवत. आम्हाला आतोबा देवासारखे वाटत.

एकदा आत्याचे डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज सुटली. शेजारणींनी काविळीची माळ आणून घातली. आतोबांनी माळेला हरकत घेतली नाही; ते फक्त सकाळ-संध्याकाळ शौचाचा रंग विचारू लागले. आत्या लाजेने मरायची. वीस वर्षांच्या संसारात असलं बोलणं कधी झालं नव्हतं. शेवटी चौथ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "राखेसारखा हाय."

पित्त खाली उतरतच नाही, वाट कुठेतरी अडली आहे, हे आतोबांनी ओळखलं. त्याच दिवशी ते तिला लाँचने मुंबईला घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट उघडून पित्ताच्या नळीत अडकलेला खडा काढला. पुढे रोज सकाळी आतोबा खाटेशी उभे राहत आणि रंगाचं काही न विचारता तिच्याकडे बघत. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो होतो त्या दिवशी, भरल्या वॉर्डात, नर्ससमोर, आत्या आपणहून म्हणाली, "झाला हो पिवला."

आतोबा म्हणाले, "कामाला लागली म्हणायची बिऱ्हाडकरू मंडळी." आणि खिडकीकडे वळून चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर आत्या रोज संध्याकाळी ओट्यावर त्यांच्यासमोर बसून ती सगळी आम्लं ऐकून घेऊ लागली. आतोबा गेल्यावर मी तिला एकदा विचारलं, की तुला ते समजायचं का. ती मासळी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "माना काय पन कललां नाय रं. पन ते सांगत असले का उठू नय असा वाटं."